३४४च्या गेटमधलं १२२: एका एम.एस्सी. प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

गोव्यात जुलैमध्ये गॅमा प्रयोगशाळा चालवायची म्हणजे पहिली लढाई हवेतल्या ओलीशी. आमच्याकडे सोडियम आयोडाइडचे दोन डिटेक्टर आहेत. हे स्फटिक मिठासारखेच पाणी ओढतात. अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत सीलबंद असतात म्हणून टिकतात, पण सील कुठे जरासं सुटलं की स्फटिक पिवळा पडतो आणि ऊर्जेच्या आलेखातली शिखरं पसरट होत जातात. त्यात वीज गेली, एसी बंद पडला, खोली तापली, की तीच रेषा, म्हणजे एकाच ऊर्जेचं शिखर, सकाळी आलेखाच्या एका चॅनलवर आणि दुपारी दुसऱ्याच चॅनलवर दिसते. म्हणून आमच्या खोलीत ओल शोषणारं यंत्र दिवसरात्र चालतं, आणि त्याची बादली रिकामी करायची पाळी विद्यार्थ्यांत वाटलेली असते.

हे प्रकरण त्याच खोलीतलं आहे. विद्यार्थिनी सत्तरी तालुक्यातली, वाळपईच्या पुढच्या गावातली. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, हाताने काम करायची आवड असलेली, वही अतिशय नेटकी. तिचा प्रकल्प असा: युरोपियम-१५२ हा एकच किरणोत्सारी स्रोत घ्यायचा, दोन डिटेक्टरांनी गॅमा-गॅमा कोइन्सिडन्स मोजायचा, आणि त्यातून ऊर्जापातळ्यांचा आराखडा स्वतः उभा करायचा. अट एकच होती. आराखडा पूर्ण होईपर्यंत या रेषांचा आणि पातळ्यांचा छापील तक्ता उघडायचा नाही.

युरोपियमच का, तेही सांगतो. छोट्या विभागाला स्रोत पुन्हा पुन्हा विकत घेणं परवडत नाही. सोडियम-२२चा अर्धायुकाल २.६ वर्षं, कोबाल्ट-६०चा ५.२७ वर्षं. दहा वर्षांनी कोबाल्ट जेमतेम सव्वीस-सत्तावीस टक्के उरतो आणि सोडियम सात टक्के. युरोपियम-१५२चा अर्धायुकाल साडेतेरा वर्षं, त्यामुळे तोवर साठ टक्के शिल्लक असतं. पण खरं कारण वेगळं आहे. युरोपियम-१५२ दोन वाटांनी जातं. सुमारे ७२ टक्के वेळा ते कवचातला एक इलेक्ट्रॉन आत ओढून सॅमेरियम-१५२ होतं, आणि सुमारे २८ टक्के वेळा बीटा कण फेकून गॅडोलिनियम-१५२ होतं. वस्तुमानांक दोघांचा तोच. एकात न्यूट्रॉन ९०, दुसऱ्यात ८८. एका बटणाएवढ्या चकतीत अणुकेंद्रकांच्या रचनेचा एक अख्खा धडा बसलेला आहे. तो कोणता, ते पुढे येईलच.

कोइन्सिडन्सची कल्पना साधी आहे. उत्तेजित अणुकेंद्रक जिन्यावरून उतरावं तसं एकेका पातळीवरून खाली येतं आणि प्रत्येक पायरीला एक गॅमा किरण सोडतं. हे सगळं आपल्या घड्याळाच्या हिशेबाने एकाच क्षणी घडतं. दोन डिटेक्टरांत दोन किरण एकदम आले तर ते एकाच जिन्यावरचे असण्याची शक्यता मोठी. आमची यंत्रणा प्रत्येक जोडीच्या दोन्ही ऊर्जा आणि वेळेतला फरक लिहून ठेवते. मग संगणकावर गेट लावायचं: पहिल्या डिटेक्टरात अमुक ऊर्जा आली असेल, तेवढ्याच घटना घ्यायच्या आणि दुसऱ्यात त्या वेळी काय दिसलं ते पाहायचं.

तिने आठवडाभर माहिती गोळा केली. एक रात्र विजांच्या गडगडाटात वाया गेली, ती धारिका तिने स्वतःहून बाजूला काढली आणि वहीत कारण लिहिलं. मला ते फार आवडलं होतं. चतुर्थीच्या सुट्टीला दहा-बारा दिवस उरले असताना ती आराखडा घेऊन आली.

१२१.८ केईव्हीची (केईव्ही हे किरणाच्या ऊर्जेचं माप) रेषा सगळ्यात खाली, बोलताना आम्ही तिला १२२ म्हणतो. बरोबर. तिच्यावर २४४.७. तेही बरोबर. ९६४, १११२ आणि १४०८ या तिन्ही १२१.८वर येऊन पडतात, हेही तिने अचूक काढलं होतं. पण ३४४.३ केईव्हीची रेषाही तिने १२१.८च्याच डोक्यावर ठेवली होती. म्हणजे ४६६ केईव्हीला एक नवी पातळी.

"३४४च्या गेटमध्ये १२२ दिसतं सर. चांगलं ठसठशीत दिसतं."

तिने चित्र पुढे केलं. खरंच दिसत होतं. त्याच गेटमध्ये ७७९ची रेषा होती, ४११चा उंचवटा होता, आणि डावीकडे १२२चं शिखर, कोणाच्याही नजरेत भरेल असं. ४६६ला १२१.८ने भागून तिने वहीत ३.८३ हा आकडा लिहिला होता आणि त्याभोवती दोनदा गोल काढला होता. सम-सम अणुकेंद्रकांत, म्हणजे ज्यांत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम संख्येत असतात त्यांत, कोनीय संवेग (फिरण्याचं माप) ४ आणि २ असलेल्या सगळ्यात खालच्या पातळ्यांच्या ऊर्जांचं गुणोत्तर पाहायचं असतं, एवढं वर्गात शिकवलेलं तिला आठवत होतं. ३.८३ म्हणजे काय, हे ती मला विचारत होती.

मला उत्तर ठाऊक होतं. ३४४.३ गॅडोलिनियमची रेषा, १२१.८ सॅमेरियमची. दोन वेगळी अणुकेंद्रकं, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एका वाक्यात सांगता आलं असतं. विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं मत तसंच होतं. "सांगून टाका हो," ते म्हणाले, "पोरीला अजून नेट द्यायची आहे, मौखिक आहे. हा काही शोधनिबंध नव्हे." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वर्षभरात प्रत्येक विद्यार्थ्यामागे किती तास उरतात, हे मला कळतं.

तरी मी सांगितलं नाही. कारण असं: युरोपियमचा तक्ता उपलब्ध आहे म्हणून इथे मी चूक दाखवू शकतो. हीच मुलगी उद्या मुंबईला किंवा दिल्लीला वेगकावर, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रावर, गेली, तिथे लक्ष्यावर जड आयन आदळून नवं अणुकेंद्रक तयार झालं, आणि त्याच्या रेषा आधी कोणी पाहिल्याच नसल्या, तर तिथे कोण सांगणार? ४६६ची पातळी तिथेही अशीच ठसठशीत दिसेल. प्रायोगिक अणुकेंद्रकीय रचनेचं प्रशिक्षण म्हणजे शिखर शोधायला शिकणं, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. शिखरं संगणक शोधतो. माणसाने शिकायचं ते हे, की समोर दिसणारं शिखर तिथे दुसऱ्या कोणत्या कारणाने येऊ शकेल. ही सवय उपदेशाने लागलेली मी पाहिलेली नाही. आपल्याच आराखड्याने एकदा दगा दिला की लागते.

मी तिला एवढंच म्हटलं, "आदर्श फिरणाऱ्या अणुकेंद्रकाचं गुणोत्तर किती येतं ते काढ आणि मग सुट्टीला जा."

ते तिने माझ्यासमोरच काढलं. ऊर्जा कोनीय संवेग आणि त्याच्या पुढचा आकडा यांच्या गुणाकारावर अवलंबून: दोनला तीनने गुणून सहा, चारला पाचने गुणून वीस, वीस भागिले सहा म्हणजे ३.३३. तिचा आकडा त्याच्याही वर गेला होता. आदर्श परिवलकापेक्षा, म्हणजे आदर्श फिरणाऱ्या अणुकेंद्रकापेक्षा, जास्त. तिने गोल काढलेल्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं, वही मिटली आणि कदंबच्या बसला गेली.

चतुर्थीनंतर

सुट्टीहून आली ती एक कल्पना घेऊनच. माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, बांधता बांधता सुचली म्हणाली. त्यांच्या वाड्यावर संध्याकाळी घरोघर आरत्या चालतात. कधी कधी दोन घरांतली घुमटं एकाच वेळी वाजतात, आणि अंगणातून ऐकणाऱ्याला वाटतं की एकच आरती चाललीय. "एका वेळी ऐकू आलं म्हणजे एकाच घरातलं, असं कुठे आहे सर?" सॅमेरियमचा एक किरण आणि गॅडोलिनियमचा दुसरा, योगायोगाने एकाच क्षणी दोन डिटेक्टरांत पडत असतील.

याला यादृच्छिक कोइन्सिडन्स म्हणतात. शंका उत्तम होती, आणि उत्तम गोष्ट ही की ती तपासता येते. समजा प्रत्येक डिटेक्टरात सेकंदाला हजार किरण येतात आणि आपली वेळेची खिडकी एक मायक्रोसेकंदाची आहे. तर योगायोगाच्या जोड्या सेकंदाला साधारण एक पडेल. तिने हिशेब केला, मग प्रत्यक्ष मोजलं. वेळेच्या फरकाच्या आलेखात मधोमध खऱ्या जोड्यांचं शिखर असतं. त्या शिखरापासून दूर, तेवढ्याच रुंदीची खिडकी घेतली की तिथे फक्त योगायोग उरतो. तिथे ३४४चं गेट लावून पाहिलं तर १२२ जवळजवळ नाहीसं.

आणि इथे प्रकरणाला वळण लागलं. योगायोग नाही म्हणजे संबंध खरा, असा तिने निष्कर्ष काढला. तिच्या मनातली एकमेव शंका फिटली होती, त्यामुळे ४६६च्या पातळीवरचा तिचा विश्वास आता आधीपेक्षा घट्ट झाला होता. एक पर्याय खोडला की उरलेला आपोआप खरा, ही चूक मी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांतही पाहिली आहे. पर्याय दोनच आहेत हे आधी कोणी ठरवलं, हा प्रश्न सुटून जातो.

तेव्हा मी दुसरं वाक्य बोललो. "तुझ्या ३४४च्या चित्रात अजून एक शिखर आहे. त्याला तू नाव दिलेलं नाहीस."

होतं ते खरंच. १२२च्या उजवीकडे, ३४४वर. ३४४च्या गेटमध्ये ३४४च. तिने ते पाहिलं होतं, पण गेटची रेषा दुसऱ्या बाजूला थोडी झिरपली असेल म्हणून सोडून दिलं होतं. आता मात्र ती अडली. दोन डिटेक्टर वेगळे, दोन केबल वेगळ्या, झिरपणार कुठून? आणि एका जिन्यावर ३४४ची पायरी एकच, मग एका वेळी दोन ३४४ कसे?

पुढचे तीन दिवस तिने तेच धरून ठेवलं. चौथ्या दिवशी मी प्रयोगशाळेत गेलो तर भिंतीवर पाच कागद एकाखाली एक चिकटवलेले. पाच वेगवेगळी गेटं, ऊर्जेची पट्टी सगळ्यांना सारखी. त्यातलं एक ५०० ते ५५०चं, जिथे कोणतीही ठळक रेषा नाही. गेट लावायला तिथे काही नव्हतंच, आणि म्हणूनच तिने ते लावलं होतं. पाचही कागदांत १२२ होतं. पाचही कागदांत ३४४ होतं. तिने लाल पेनने वरपासून खालपर्यंत दोन उभ्या रेघा ओढल्या होत्या.

"काही नाही तिथेही हे दोघे आहेत सर," ती म्हणाली. "म्हणजे गेटमध्ये ३४४शिवाय दुसरंही कोणीतरी बसलंय."

बसलंय ते कॉम्पटन. गॅमा किरण स्फटिकात शिरला की दर वेळी सगळी ऊर्जा तिथेच टाकतो असं नाही. पुष्कळदा एखाद्या इलेक्ट्रॉनला धडकून थोडी ऊर्जा देतो आणि उरलेली घेऊन निसटतो. १४०८चा किरण स्फटिकात ३५०च ठेवून जाऊ शकतो. डिटेक्टरला ते ३४४च्या आसपासचं काहीतरी वाटतं. पण तो मुळात १४०८ असतो, आणि १४०८च्या पाठोपाठ १२१.८ येतंच. ९६४चं आणि १११२चंही तेच. म्हणून ३४४च्या गेटमध्ये १२२. तसंच ७७९चा किरण, जो खरोखर ३४४च्या वर असतो, आपली अर्धीमुर्धी ऊर्जा ३४४च्या जागी टाकून गेला की समोरच्या डिटेक्टरात खरा ३४४ येतो. म्हणून ३४४च्या गेटमध्ये ३४४. सोडियम आयोडाइडची विभेदनक्षमता (जवळच्या दोन ऊर्जा वेगळ्या ओळखण्याची ताकद) ६६२ केईव्हीला सुमारे सात टक्के, खालच्या ऊर्जेला टक्केवारीत आणखी वाईट. त्यामुळे गेट चांगलं चाळीस-पन्नास केईव्ही रुंद ठेवावं लागतं, आणि तेवढ्या रुंद दारातून हे पाहुणे भरपूर आत येतात.

उपाय जुना आहे. शिखराच्या दोन्ही बाजूंना, जिथे फक्त पार्श्वभूमी आहे तिथे, तेवढ्याच रुंदीची गेटं लावायची, त्यांची सरासरी घ्यायची आणि मुख्य गेटमधून वजा करायची. तिने केलं. ३४४ स्वतः नाहीसं झालं. १२२ अनिश्चिततेच्या आत आलं, शून्याशी जुळणारं. ७७९ आणि ४११ जागच्या जागी राहिले. वजाबाकी केली की अनिश्चितता कमी होत नाही, दोन्हींची मिळून वाढते, हे तिला आधी पटेना. मोजणीच्या आकड्यांवर हाताने करून पाहिल्यावर पटलं.

मग तिने स्वतःहून एक जादा तपासणी केली, आणि या प्रकरणात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच. युरोपियम इलेक्ट्रॉन आत ओढतं तेव्हा कवचात रिकामी जागा पडते, आणि ती भरताना सॅमेरियमचा सुमारे ४० केईव्हीचा क्ष-किरण बाहेर येतो. बीटा कण सोडताना अशी जागा पडत नाही. म्हणजे ४०च्या गेटमध्ये सॅमेरियमच्या रेषा टिकायला हव्यात आणि ३४४ कोसळायला हवं. वजाबाकी नीट करून पाहिलं तर तसंच झालं. एका पुराव्यावर थांबायचं नाही, वेगळ्या भौतिक कारणावर उभा असलेला दुसरा शोधायचा, हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

आराखडा सुटल्यावर

आता दोन जिने वेगळे झाले. सॅमेरियम-१५२: कोनीय संवेग २ची पातळी १२१.८, ४ची ३६६.५, गुणोत्तर ३.०१. गॅडोलिनियम-१५२: २ची ३४४.३, ४ची ७५५.४, गुणोत्तर २.१९.

हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर मी तिला खुर्चीवर बसवलं. आदर्श परिवलक ३.३३, गोल अणुकेंद्रकाचं साधं कंपन २.०. सॅमेरियम परिवलकाच्या जवळ आहे, म्हणजे तो लांबट, रग्बीच्या चेंडूसारखा ताणलेला. गॅडोलिनियम कंपनाच्या जवळ, गोलाईकडे झुकलेला. वस्तुमान तेच, न्यूट्रॉन ८८चे ९० झाले आणि आकार बदलला. ८२ ही जादुई संख्या, म्हणजे एवढे न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन असले की अणुकेंद्रक विशेष स्थिर असतं. ती आणि तिच्या बहिणी २, ८, २०, २८, ५० आणि १२६ यांचं कोडं कवच-प्रतिमानाने सोडवलं, त्यासाठी मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सेन यांना १९६३चं नोबेल मिळालं. आणि ८२ ओलांडून पुढे गेल्यावर अणुकेंद्रक ताणलं का जातं, त्या सामूहिक गतीच्या सिद्धान्तासाठी ओगे बोर, मॉटलसन आणि रेनवॉटर यांना १९७५चं. या दोन मोठ्या कल्पनांची शिवण ८८ आणि ९० न्यूट्रॉनांच्या मधून जाते. आमच्या ओलसर खोलीतल्या दोन जुन्या डिटेक्टरांत ती शिवण दिसते. आणि पार्श्वभूमी वजा न केल्यामुळे तिच्या पहिल्या आराखड्यात नेमकी तीच पुसली गेली होती. दोन वेगळ्या आकारांची अणुकेंद्रकं तिने एकात शिवून टाकली होती.

माझी चूकही इथेच नोंदवतो. प्रयोगाच्या सूचनापत्रात मी लिहिलं होतं: गेट लावा, शिखरं ओळखा, आराखडा काढा. पार्श्वभूमी वजा करण्याचा उल्लेख नव्हता. मला ती इतकी अंगवळणी पडली होती की पायरी म्हणून ती दिसेनाशी झाली. नंतर ती सूचनापत्रात घालावी का, यावर आमच्यात चर्चा झाली. ज्येष्ठ सहकारी म्हणाले घाला. मी अर्धं ऐकलं. आता सूचनापत्रात एवढंच आहे: आराखडा दाखवायला येण्याआधी, जिथे काहीच नाही अशा एका जागी गेट लावून त्याचं चित्र सोबत आणा.

पुढच्या हिवाळ्यात एका सहयोगी प्रयोगासाठी ती कोकणकन्येने थिवीहून मुंबईला गेली. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबरचा संयुक्त पेलेट्रॉन वेगक आहे, १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून चालणारा. दिल्लीत विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली उभारलेलं आंतर-विद्यापीठ केंद्र आणि त्याचा पेलेट्रॉन, कोलकात्यात सायक्लोट्रॉन, तोही वेगकच. इंगा, म्हणजे देशाचा राष्ट्रीय गॅमा संच, या तिन्ही ठिकाणी आळीपाळीने मांडला जातो. पूर्ण मांडणीत त्यात चोवीस क्लोव्हर डिटेक्टर बसतात. प्रत्येकात जर्मेनियमचे चार स्फटिक, द्रव नायट्रोजनने थंड केलेले, १३३२ केईव्हीला सुमारे दोन केईव्हीची विभेदनक्षमता. प्रत्येकाभोवती बिस्मथ जर्मेनेटचं कवच. किरण जर्मेनियममधून निसटून त्या कवचात गेला की ती घटना सरळ बाद करायची.

तिकडून तिने फोन केला तो याच कवचाबद्दल. शलाका, म्हणजे वेगकातला कणांचा झोत, सुरू होण्याआधी ऊर्जामापनासाठी चेंबरमध्ये युरोपियम-१५२ ठेवलं होतं, आपलंच, म्हणाली. कवच चालू आणि कवच बंद, दोन्ही स्पेक्ट्रम तिने मागून घेतले होते. "सर, बंद केलं की ती आपली सगळी पार्श्वभूमी परत वर येते. आणि चालू असतानाही पूर्ण जात नाही. तिथेही गेटच्या बाजूला वजा करावंच लागतं." मग रात्रपाळीतलं जेवण कुठे मिळतं ते तिने सांगितलं, पाळी आठ तासांची आहे म्हणाली, आणि ठेवला फोन.

तिने जमवलेली मूळ धारिका, विजांच्या रात्रीची बाजूला काढलेलीसुद्धा, आम्ही जपून ठेवली आहे. यंदा ती दोन विद्यार्थ्यांना दिली, एक म्हापशाचा, एक फोंड्याची. फोंड्याच्या मुलीला ३४४च्या गेटमधलं ३४४ चौथ्याच दिवशी दिसलं आणि ती आता कॉम्पटनच्या समीकरणाशी झटते आहे. म्हापशाचा अजून योगायोगाच्या जोड्या मोजतो आहे, मन लावून. काल त्याने विचारलं की खिडकी अर्धा मायक्रोसेकंद केली तर चालेल का. चालेल म्हटलं. चतुर्थीला अजून अकरा दिवस आहेत.